'पुन्हा सांगा' म्हणण्याचे धैर्य

शहागंजच्या गजबजलेल्या बाजारपेठेत उभा असलेला घड्याळाचा मनोरा निजामी अमदानीतला. मनगटावर घड्याळ बांधण्याची ऐपत मोजक्याच लोकांची होती, त्या काळात अशा मनोऱ्यांनी गावाला एक समान वेळ दिली. दुकानदाराची वेळ निराळी, हमालाची निराळी आणि गिऱ्हाइकाची तिसरीच, असे झाले तर बाजार चालत नाही. सर्वांनी मान वर करून एकाच तबकडीकडे पाहावे आणि आपापला व्यवहार त्याप्रमाणे जुळवून घ्यावा, ही त्यामागची साधी व्यवस्था.

छत्रपती संभाजीनगरात आणखी एक मनोरा आहे. तो शहराच्या पूर्वेला चिकलठाणा विमानतळावर उभा आहे. त्याच्या माथ्यावर तबकडी नाही. चहूबाजूंनी काचा आहेत आणि आत हवाई वाहतूक नियंत्रक बसलेले आहेत. आकाशात असलेल्या प्रत्येकाला एकच क्रम, एकच धावपट्टी आणि एकच आज्ञा मिळावी, हे त्यांचे काम. शहागंजचा मनोरा नजरेने वाचायचा असतो, चिकलठाण्याचा कानाने ऐकायचा असतो, आणि ऐकण्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ फार थोडा मिळतो.

या शहराने विमान अपघाताचे दुःख जवळून पाहिले आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान चिकलठाण्याहून मुंबईकडे झेपावत होते. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत ते येथे आले होते. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत आले, तरी पुरेशी उंची घेऊ शकले नाही. टोकाला लागूनच असलेल्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला मालमोटार जात होता. विमानाचा त्याला धक्का बसला, पुढे ते विजेच्या तारांना अडकले आणि शेतात कोसळले. विमानात ११८ जण होते, त्यांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत दोन कारणे नोंदविली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला केलेला उशीर व त्यासाठी वापरलेली चुकीची पद्धत, हे पहिले कारण. विमानोड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला आलेले अपयश, हे दुसरे.

या दुसऱ्या कारणाचा विचार त्या मानाने कमी झाला. विमानतळाची सुरक्षितता केवळ यंत्राच्या ताकदीवर किंवा वैमानिकाच्या कौशल्यावर उभी नसते. वैमानिक, मनोरा, धावपट्टीवरची वाहने आणि कुंपणापलीकडचा रस्ता, या सर्वांना एकमेकांची खबर असावी लागते. या साखळीतील एक कडी मूक राहिली, तर बाकीच्या कड्यांची मजबुती कामी येत नाही.

लहान विमानतळ, मोठी जबाबदारी

गेल्या काही वर्षांत देशातील लहान विमानतळांचे चित्र पालटले आहे. 'उडान' योजनेमुळे जिल्ह्याच्या गावांपर्यंत प्रवासी विमाने पोहोचली. २०२१ साली भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगाव आणि बेळगाव ही दोन मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची गावे होती. गोंदियाजवळच्या बिरसी येथे त्यापूर्वीपासूनच प्रशिक्षण चालू आहे. विमान चालविण्याचा परवाना ही केवळ महानगरी श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे.

पण आनंदाबरोबर जबाबदारीही येते. आपल्याकडे केवळ हौसेखातर विमान उडविणारे खासगी वैमानिक थोडे. छोट्या विमानात एकटा बसून मनोऱ्याशी बोलणारा माणूस बहुधा विशीतला विद्यार्थी असतो. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तास आणि व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावे लागते. हे तास तो ज्या धावपट्टीवर पूर्ण करतो, त्याच धावपट्टीवर सत्तर प्रवाशांना घेऊन एटीआर जातीचे विमानही उतरत असते. एकाचा वेग दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट, एकाला हजारो तासांचा अनुभव, तर दुसऱ्याला जेमतेम पंधरा-वीस तासांचा. दोघांना एकत्र बांधणारा धागा एकच, रेडिओवरचा शब्द.

समजा, शहागंजातल्या एखाद्या कापड दुकानदाराचा मुलगा असा प्रशिक्षणाला गेला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, गणित उत्तम, हात स्थिर. इंग्रजी पुस्तक तो वाचतो, पण समोरून भरभर आलेले इंग्रजी वाक्य कानांत शिरेपर्यंत निसटून जाते. तो एकटाच विमान घेऊन धावपट्टीला समांतर उडत आहे. मनोऱ्यातून सूचना येते की उतरण्याच्या क्रमात तुझा क्रमांक दुसरा, पुढे एटीआर आहे, ते दिसले की कळव आणि त्याच्या मागे राहा. मुलाला 'एटीआर' आणि 'दोन' एवढेच उमगते. अशा वेळी त्याने काय करावे?

नियम सांगतो, 'से अगेन' म्हणावे, म्हणजे 'पुन्हा सांगा'. पण त्या मुलाच्या मनात निराळेच काहूर असते. फ्रिक्वेन्सीवर त्याचे प्रशिक्षक ऐकत असतात, मित्र ऐकत असतात, एटीआरचा अनुभवी कॅप्टनही ऐकत असतो. पुन्हा विचारले तर 'याला इंग्रजी येत नाही' असे सर्वांना कळेल, ही भीती जिभेवर बसते. मग तो 'रॉजर' म्हणतो आणि बटण सोडतो.

'रॉजर' या शब्दाचा खरा अर्थ 'तुमचा संदेश पूर्णपणे मिळाला' एवढाच आहे. 'होय' असा त्याचा अर्थ नाही. 'तसे करतो' असाही नाही, त्यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. पण आपल्या समाजात मोठ्यांसमोर मान डोलावून 'हो हो' म्हणण्याची जी सवय आहे, ती आकाशात 'रॉजर'चे रूप घेते. समजले नसतानाही समजल्याची खूण करणे हा जमिनीवर संकोच ठरतो. आकाशात तो अपराध ठरू शकतो.

इतिहासाची साक्ष

हे भय काल्पनिक नाही. विमानवाहतुकीच्या इतिहासातील सर्वांत भीषण अपघात आकाशात नव्हे, एका मर्यादित सोयींच्या विमानतळावर जमिनीवरच घडला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील तेनेरीफच्या विमानतळावर, शेजारच्या बेटावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे वळविलेली विमाने दाटीवाटीने उभी होती. धुके उतरले होते. केएलएम कंपनीच्या जंबो विमानाच्या कॅप्टनने परवानगी न मिळताच धावायला सुरुवात केली. 'आता आम्ही टेक-ऑफला आहोत' या त्या विमानातून आलेल्या वाक्याचा अर्थ नियंत्रकाने 'सज्ज आहोत' असा घेतला आणि 'ओके' म्हटले. त्यापुढे त्याने 'थांबा' सांगितले खरे, पण त्याच क्षणी धावपट्टीवरच असलेल्या पॅन अॅमच्या विमानातूनही कोणी बोलले. दोघे एकाच वेळी बोलले की रेडिओवर केवळ शीळ ऐकू येते. केएलएमच्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारली होती की, ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय? कॅप्टन कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. त्याने ठामपणे 'झाले आहे' म्हटले आणि शंका तेथेच विरली. ५८३ माणसे मेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, अशी शिस्त जगभर रूढ झाली.

खासगी विमानाचे उदाहरणही आहे. ८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे खासगी जेट चुकीच्या मार्गाने थेट मुख्य धावपट्टीवर आले आणि उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ जणांचा बळी गेला. त्या वैमानिकाने आज्ञा उच्चारताना बरोबर उच्चारली होती, मात्र वळण चुकीचे घेतले. वाटेत त्याने 'मी एस-४ या खुणेजवळ येत आहे' असे कळविले होते. ती खूण नियंत्रकाच्या परिचयाची नव्हती. तेथेच 'पुन्हा सांगा, तुम्ही नेमके कुठे आहात?' हा प्रश्न नेटाने विचारला गेला असता, तर त्या दिवसाचा शेवट कदाचित निराळा झाला असता. 'पुन्हा सांगा' म्हणण्याचे कर्तव्य विद्यार्थ्याइतकेच मनोऱ्यातल्या अधिकाऱ्याचेही आहे, ही लिनातेची शिकवण.

आपल्या भूमीवर १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबिया व कझाकस्तान यांची विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ जण ठार झाले. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहण्याची आज्ञा होती, ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीचा आणि विमानातील आपसांतल्या समन्वयाचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

भाषेचा अभिमान आणि भाषेची शिस्त

येथे स्वाभिमानी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. स्वतंत्र भारताच्या आकाशात, जळगाव वा बेळगावच्या धावपट्टीवर, मराठी मुलाने इंग्रजीतच का बोलावे? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. जगात तो अन्यत्रही विचारला गेला आहे. कॅनडातील क्युबेक प्रांतात फ्रेंच भाषिक वैमानिकांना मनोऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलू द्यावे, या मागणीवरून १९७६ साली देश ढवळून निघाला. विरोधात वैमानिक आणि नियंत्रक संपावर गेले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १९७९ मध्ये त्याने निर्वाळा दिला की, दोन भाषांच्या वापराने सुरक्षिततेला बाधा येत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचे मुख्यालय त्याच प्रांतातल्या माँट्रियल शहरात आहे. त्या संघटनेचे नियमही जमिनीवरील केंद्राच्या नेहमीच्या भाषेला वा इंग्रजीला मान्यता देतात.

मग आपण तसे का करू नये? कारण आपली परिस्थिती दोन भाषांची नाही. जळगावच्या मनोऱ्यात केरळचा नियंत्रक असू शकतो, एटीआरचा कॅप्टन पंजाबचा, प्रशिक्षणार्थी बिहारचा आणि दुसरा प्रशिक्षणार्थी शहागंजचा. रेडिओची फ्रिक्वेन्सी ही दोघांतली खासगी बातचीत नसते. ती सार्वजनिक चावडी असते. मनोऱ्याने दुसऱ्याला काय सांगितले हे ऐकूनच तिसरा आपल्या मनात आकाशाचे चित्र रेखाटतो. त्यातले एक वाक्य जरी एखाद्याला न कळणाऱ्या भाषेत आले, तरी त्याच्या चित्रात एक विमान कमी पडते. बहुभाषिक भारताने आकाशात एक समान भाषा स्वीकारणे हे गुलामीचे लक्षण नव्हे. परस्परांच्या प्राणांची काळजी घेण्याची ती रीत आहे.

शिवाय ही साहित्यातली वा दिवाणखान्यातली इंग्रजी नाहीच. ती शे-दोनशे ठरीव शब्दांची, एका शब्दाला एकच अर्थ असलेली परिभाषा आहे. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही १९५६ पासून रूढ झालेली अक्षरमाला निरनिराळ्या भाषकांच्या जिभांचा विचार करूनच ठरविली गेली. त्या परिभाषेत नऊला 'नायनर' आणि तीनला 'ट्री' म्हणतात, कारण ऐकणाऱ्याची गल्लत होऊ नये. ज्यांनी संघस्थानावर 'दक्ष' आणि 'आरम' या आज्ञा ऐकल्या आहेत, त्यांना एका शब्दाला एकच कृती असण्याचे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेव्हा त्यामागे स्वत्वाबरोबर शब्दांच्या नेमकेपणाचाही आग्रह होता. आकाशातली परिभाषा तोच नेमकेपणा मागते.

आणि ऐकलेले परत म्हणून दाखविण्याची पद्धत तर आपल्याला परकी मुळीच नाही. मनोऱ्याने धावपट्टी, उंची, दिशा किंवा 'धावपट्टीपूर्वी थांबा' अशी आज्ञा दिली की वैमानिकाने ती जशीच्या तशी उच्चारून दाखवायची आणि मनोऱ्याने ती कान देऊन तपासायची, यालाच 'रीड-बॅक' म्हणतात. हजारो वर्षे वेद अक्षर न गमावता टिकले, ते याच तत्त्वावर. गुरूने म्हणावे, शिष्याने म्हणावे, चूक झाली तर तेथेच थांबवून पुन्हा म्हणवून घ्यावे. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा रीतींनी तेच शब्द पुढे-मागे गुंफून म्हटले, म्हणजे एक स्वरही निसटू शकत नाही. पाठशाळेत 'पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या शिष्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. न विचारता चुकीचे म्हणणाऱ्याला मात्र क्षमा नसते. ज्या परंपरेने श्रवण आणि पुनरुच्चार यांचे शास्त्र उभारले, तिच्या वारसाला रेडिओवर दोनदा विचारण्याची लाज वाटावी, हा विरोधाभास आहे.

काय करता येईल?

वैमानिकांना रेडिओ वापरण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्याची परीक्षा दीर्घकाळ दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत होती आणि अनेक विद्यार्थी उड्डाणापेक्षा तिलाच अधिक घाबरत. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ अन्वये ती आता नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आली आहे. उड्डाण शिकविण्यावर देखरेख करणारी आणि बोलणे तपासणारी यंत्रणा एकच झाली, हे योग्यच झाले. या संधीचा उपयोग परीक्षेचा रोख बदलण्यासाठी व्हावा. विद्यार्थ्याला पाठ केलेली उत्तरे येतात की नाही यापेक्षा, अनपेक्षित सूचना आली असता तो थांबतो का, विचारतो का, 'जमणार नाही' असे स्पष्ट सांगतो का, हे पाहिले जावे. वैमानिकांसाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय निकषांनीही चौथ्या पातळीला विलायती उच्चार मागितलेला नाही. मराठी वळणाचा उच्चार चालतो, फक्त तो समजण्याच्या आड येता कामा नये.

दुसरी गोष्ट मराठी समाजाच्या हातातली आहे. या परिभाषेतील प्रत्येक शब्दाचा अर्थ, हेतू आणि त्यामागचा अपघातांचा इतिहास मराठीतून समजावून देणारी छोटी पुस्तके व ध्वनिफिती का निघू नयेत? बोलायचे इंग्रजीत असले, तरी समजायचे मातृभाषेतच असते. मातृभाषेत पक्का झालेला अर्थ संकटाच्या क्षणी डगमगत नाही. मराठी माध्यमातला मुलगा मागे पडतो तो बुद्धीमुळे नव्हे, असा आधार त्याला कोणी देत नाही म्हणून.

तिसरी गोष्ट मनोरा आणि प्रशिक्षणार्थी यांच्या परिचयाची. प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने उडण्यापूर्वी एक दिवस मनोऱ्यात बसावे. नियंत्रकाला एका वेळी काय काय पाहावे लागते ते डोळ्यांनी पाहावे. नियंत्रकांनीही कधी छोट्या विमानात मागच्या आसनावर बसून, घामेजल्या हाताने बटण दाबणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था अनुभवावी. मग सूचना आपोआप सावकाश आणि लहान वाक्यांत दिल्या जातील, आणि नवख्या आवाजाला दटावण्याऐवजी सांभाळून घेतले जाईल.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ती आपल्या स्वभावाशी निगडित आहे. रेडिओवर पद चालत नाही. तेथे विमानाला नोंदणीची अक्षरे असतात. आत उद्योगपती आहे, मंत्री आहे की कापड दुकानदाराचा मुलगा आहे, हे मनोऱ्याने पाहायचे नसते. 'साहेबांना घाई आहे' हा शब्दप्रयोग त्या परिभाषेत नाही आणि तो कोणी मागच्या दाराने शिरकवू नये. कनिष्ठाची शंका ज्येष्ठाने ऐकून घ्यायची नसेल, तर तेनेरीफची पुनरावृत्ती रोखण्याची भाषा करण्यात अर्थ नाही.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, तेव्हा त्यांच्या छोट्या विमानात रेडिओ नव्हता. आकाश रिकामे होते, वैमानिकाचे डोळे हाच त्याचा आधार होता. आज आकाश भरले आहे आणि पुढील काळात ते अधिकच भरेल. धावपट्ट्या वाढतील, मनोरे वाढतील, विमाने वाढतील. पैसा आणि यंत्रे यांची तजवीज शासन करील. पण न समजलेले न समजले असे सांगण्याचे धैर्य शासन विकत आणू शकत नाही. ते घरात, शाळेत आणि संघस्थानावरच घडवावे लागते. वर्गात हात वर करून 'गुरुजी, कळले नाही, पुन्हा सांगा' म्हणणाऱ्या मुलाकडे पाहून हसणारा समाज चांगले वैमानिक घडवू शकत नाही.

शहागंजच्या मनोऱ्याकडे पाहताना वेळ नीट दिसली नाही, तर माणूस दोन पावले पुढे जाऊन पुन्हा पाहतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. चिकलठाण्याच्या मनोऱ्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, तर पुन्हा विचारण्यातही तसा कमीपणा वाटू नये, हे आपल्या मुलांना आजपासूनच शिकवले पाहिजे.